आल्बेर रूसेल : वेरूळची लेणी आणि कृष्णाची बासरी

१७ जानेवारी १९२५ रोजी पॅरिसमधील एका मैफलीत लुई फ्लरी या नामवंत बासरीवादकाने पियानोच्या साथीने चार लहान रचना प्रथमच वाजविल्या. चारही मिळून दहा मिनिटांच्या आतबाहेर संपणाऱ्या. रचनाकाराने त्यांना एकत्रित नाव दिले होते 'बासरीवादक', आणि प्रत्येक रचना एकेका बासरीवादकाच्या नावाने ओळखली जावी अशी योजना केली होती. पहिला ग्रीक पुराणांतील बोकडाच्या पायांचा वनदेव पॅन, दुसरा व्हर्जिलच्या गोपकाव्यातील तितिर नावाचा गुराखी, चौथा एका तत्कालीन फ्रेंच कादंबरीचा नायक. आणि तिसरा कृष्ण.

ज्या अवंतिकेत सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण, बलराम आणि सुदामा यांनी विद्याभ्यास केला, अंकपाताच्या परिसरात आजही ज्याच्या पाट्या धुण्याच्या कथा सांगितल्या जातात, तो कृष्ण पॅरिसच्या रंगमंचावर कसा जाऊन पोहोचला, हा प्रश्न उज्जयिनीच्या वाचकाला तरी पडावयास हरकत नाही. भागवताप्रमाणे चौसष्ट दिवसांत त्याने चौसष्ट कला आत्मसात केल्या आणि त्या कलांच्या परंपरागत यादीत गीत आणि वाद्य यांचा मान पहिला आहे. त्या वाद्यविद्येचा एक दूरचा पडसाद विसाव्या शतकाच्या पहिल्या पादात फ्रान्समध्ये उमटला, तो आल्बेर रूसेल या संगीतरचनाकाराच्या लेखणीतून. रूसेलचे नाव मराठी वाचकांना फारसे परिचित नाही. पाश्चात्त्य संगीताचा परिचय करून देणाऱ्या आपल्याकडील लेखनात बाख, मोझार्ट, बीथोवन यांच्यानंतर फार तर दब्युसी आणि राव्हेल यांच्यापर्यंत मजल जाते. त्या दोघांच्या छायेत रूसेल उभा राहिला, आणि छायेत उभ्या राहिलेल्या माणसाकडे लक्ष जायला नेहमीच उशीर होतो.

रूसेलचा जन्म ५ एप्रिल १८६९ रोजी फ्रान्सच्या उत्तर सीमेवरील तूर्क्वँ या गावी झाला. बेल्जियमला लागून असलेले हे गाव लोकर आणि कापड यांच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. घराणे सुखवस्तू, आजोबांनी गावचे नगराध्यक्षपद भूषविलेले. परंतु या संपन्न घरात मृत्यूचा वावर फार लवकर सुरू झाला. मूल जेमतेम वर्षाचे असताना वडील वारले. ज्या आईने त्याला पियानोच्या पट्ट्यांवर पहिले स्वर ओळखायला शिकविले, तीही तो आठ वर्षांचा होतो न होतो तोच गेली. आजोबांनी त्याला जवळ केले, पण काही वर्षांतच त्यांचेही छत्र हरपले, आणि नात्यातील एका दांपत्याने त्याचा सांभाळ केला. त्याच्या प्रौढ वयातील संगीतात जो एक प्रकारचा आवर आढळतो, भावना असूनही ती ओसंडू न देण्याचा जो संयम दिसतो, त्याचे मूळ या बालपणात शोधण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तो मोह आवरणेच बरे. एवढे मात्र खरे की, ज्याला घर असे नव्हते त्या मुलाला समुद्राची ओढ लागली.

पॅरिसमध्ये शिक्षण घेऊन १८८७ साली त्याने नौदलाच्या प्रशिक्षणशाळेत प्रवेश मिळविला. पुढची सात वर्षे त्याने आरमारात काढली. 'स्टिक्स' या युद्धनौकेवरून तो तेव्हाच्या फ्रेंच इंडोचीनपर्यंत, म्हणजे आजच्या व्हिएतनामपर्यंत जाऊन आला. या नोकरीत संगीत होते ते फावल्या वेळचे. १८९२ च्या नाताळात शेर्बूर बंदरातील एका चर्चमध्ये त्याची तंतुवाद्ये आणि ऑर्गन यांच्यासाठी लिहिलेली एक छोटी रचना वाजविली गेली, हीच काय ती सार्वजनिक कमाई. संगीताचे शास्त्रशुद्ध शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. वीस-बावीसाव्या वर्षी ज्या वयात इतर रचनाकार पारितोषिके मिळवू लागतात, त्या वयात हा तरुण अधिकारी जहाजाच्या खोलीत बसून पुस्तकांच्या आधाराने स्वरमेळाचे नियम जुळवीत होता.

याच वेळी त्याच्या आयुष्यात घडलेला एक प्रसंग कादंबरीकाराने कल्पिला असता तर वाचकाने त्यावर विश्वास ठेवला नसता. काल्व्हे नावाच्या त्याच्या एका सहकारी अधिकाऱ्याने, पॅरिसमधील थोर वाद्यवृंदसंचालक एद्वार कोलोन यांना तुझी रचना दाखवितो, असे म्हणून त्याची एक रचना मागून नेली. हा काल्व्हे प्रख्यात गायिका एमा काल्व्हे हिचा भाऊ, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते. काही दिवसांनी तो निरोप घेऊन आला : कोलोन यांच्या मते या माणसाने नौदलात राहण्यात अर्थ नाही, त्याने संगीतालाच वाहून घ्यावे. रूसेलने हा निरोप मनावर घेतला. १८९४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने चांगली चाललेली नोकरी सोडली. पुढे बऱ्याच काळाने काल्व्हेने कबूल केले की रचना कोलोनपर्यंत पोहोचलीच नव्हती. निरोप त्याने स्वतःच रचला होता. मित्राच्या एका प्रेमळ थापेवर एका माणसाने आपले आयुष्य उभे केले. थाप खरी ठरली हे त्या माणसाच्या पुढील पंधरा वर्षांच्या कष्टांचे श्रेय होय, थापेचे नव्हे.

कष्ट खरोखरच होते. प्रथम गावाशेजारच्या रूबे येथील संगीतशाळेचे प्रमुख झ्यूलियाँ कोझूल यांच्याकडे, नंतर पॅरिसमध्ये ऑर्गनवादक युजेन जिगू यांच्याकडे त्याने धडे घेतले. १८९८ मध्ये तो 'स्कोला कान्तोरुम' या संस्थेत दाखल झाला. व्हँसाँ दँदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या या संस्थेचा खाक्या पॅरिसच्या सरकारी संगीत महाविद्यालयाहून वेगळा होता. तेथे रंगभूमीवर झटपट यश मिळविण्यापेक्षा जुन्याचा कसून अभ्यास करण्यावर भर असे. ख्रिस्ती मठांतील मध्ययुगीन गायन, पालेस्त्रीना आणि मोंतेव्हेर्दी यांच्या रचना, आणि काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वतंत्र स्वरमाला एकमेकींत गुंफण्याचे शास्त्र, हे तेथील नित्याचे खाद्य. मठांतील गायनाला सुरावटींच्या जुन्या चौकटी आहेत. आपल्या थाटांशी त्यांचे दुरून नाते लागते. एका षड्जाच्या आधारे, स्वरमेळाच्या कुबड्यांवाचून, केवळ सुरांच्या क्रमावर उभे राहणारे गाणे ऐकण्याची सवय रूसेलच्या कानांना येथे लागली. पुढे भारतात आल्यावर तो गोंधळला नाही याचे एक कारण ही सवय असावी.

१९०२ पासून त्याच संस्थेत तो काउंटरपॉइंट शिकवू लागला आणि १९१४ पर्यंत शिकवीत राहिला. विद्यार्थ्यांत एरिक साती होता. वयाने गुरूहून तीन वर्षांनी मोठा, विक्षिप्त म्हणून पॅरिसभर प्रसिद्ध असलेला हा रचनाकार चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा पाटीपेन्सिल घेऊन वर्गात बसला आणि १९०८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडला. पुढे आधुनिक संगीतात क्रांतिकारक ठरलेला एद्गार व्हारेझ हाही याच वर्गातला. दोघांच्याही संगीतात गुरूचा ठसा शोधून सापडत नाही. चांगल्या शिक्षकाचे हे लक्षण मानावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल.

एप्रिल १९०८ मध्ये रूसेलचा ब्लाँश प्राइसाख हिच्याशी विवाह झाला. दुसऱ्याच वर्षी, १९०९ च्या उत्तरार्धात, पतिपत्नी पूर्वेच्या लांब प्रवासाला निघाली. सात वर्षे सरकारी खर्चाने समुद्र पाहिलेला माणूस आता उतारू म्हणून बोटीवर चढला आणि मुंबईस उतरला.

त्या वेळच्या हिंदुस्थानात संगीताच्या दृष्टीने काय चालले होते हे ध्यानात घेतले तर या भेटीचे महत्त्व अधिक कळते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयाची मुंबई शाखा नुकतीच, १९०८ मध्ये, सुरू झाली होती. त्याच मुंबईत पंडित विष्णु नारायण भातखंडे वर्षानुवर्षे जमविलेल्या सामग्रीची जुळवाजुळव करीत होते. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग १९१० मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचे मोजमाप करण्यात गढलेले होते. उज्जैन ज्या ग्वाल्हेर संस्थानात मोडत होते तेथे माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने माधव संगीत महाविद्यालय निघण्यास, १९१८ साल उजाडण्यास, अद्याप अवकाश होता. म्हणजे आपले लोक आपल्याच संगीताचा शास्त्रीय हिशेब मांडू लागले होते, नेमक्या त्याच वेळी एक फ्रेंच मनुष्य टिपणवही खिशात घालून या देशात हिंडत होता. या दोन गोष्टींची गाठ पडली नाही. पडती तर रूसेलच्या संगीताला कोणते वळण लागले असते, याचा तर्क करीत बसण्याचे कारण नाही. पण चुटपूट लागते खरी.

हा प्रवास त्याने जाणत्या प्रवाशाप्रमाणे केला. जयपूर, चितोड, काशी ही त्यातील मुख्य ठाणी. परंतु त्याच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो वेरूळचा. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या या डोंगरातील ३४ लेण्यांत बौद्ध, हिंदू आणि जैन असे तीन धर्म शेजारी नांदतात, आणि त्यांच्या मधोमध राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेले कैलास मंदिर उभे आहे. पुढे ज्याने कृष्णावर रचना केली त्याला पहिला कृष्ण असा भेटला, दगडात आणि राजाच्या नावाने. दशावतार लेण्यात गोवर्धन उचलणारा कृष्णही आहे. रूसेल त्याच्यासमोर थांबला होता की नाही, हे सांगण्याची सोय नाही. उन्हातून आत शिरल्यावर डोळे काळोखाला सरावण्यास जो वेळ लागतो, आणि मग भिंतीतून एकेक हात, एकेक मुकुट, एकेक मुद्रा जी वर येऊ लागते, तो अनुभव मात्र त्याने घेतला हे त्याच्या संगीतावरूनच सिद्ध होते.

फ्रान्सला परतल्यावर १९१० आणि १९११ या दोन वर्षांत त्याने 'आवाहने' ही वाद्यवृंदासाठी तीन भागांची रचना लिहिली. तिचा पहिला भाग म्हणजे वेरूळ. त्याचे नावच 'लेण्यांच्या छायेतील देव' असे आहे. दुसरा भाग गुलाबी नगरी जयपूर. तिसरा पवित्र नदीचा काठ, अर्थात काशी. त्यात गायकवृंद आणि एकल गायकही आहेत, आणि त्यासाठी शब्द समीक्षक काल्व्होकोरेसी यांनी लिहून दिले. १८ मे १९१२ रोजी पॅरिसमध्ये रचनेचे प्रथम वादन झाले आणि रूसेल त्रेचाळिसाव्या वर्षी नामवंत झाला.

या रचनेत हिंदुस्थानी संगीत शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही, आणि हीच तिची प्रतिष्ठा आहे. त्या काळी युरोपात पूर्वेकडील देशांवर संगीत लिहिण्याची एक चालू टाकसाळ होती. चार घंटा, दोन झांजा आणि एखादी वळणावळणांची सुरावट एवढ्या भांडवलावर अरबस्तानपासून जपानपर्यंत कोणताही देश उभा करता येत असे. रूसेलने ही वाट टाळली. काशीच्या घाटावर एका तरुण फकिराच्या तोंडून ऐकलेली एक चाल तेवढी त्याने तिसऱ्या भागात एकल गायकाला दिली. बाकी सारे त्याचे स्वतःचे. पाहिलेल्या गोष्टींची नक्कल न करता त्या पाहून आपल्या मनात जे हलले तेच लिहावे, असा त्याचा दंडक दिसतो. वेरूळच्या भागात शिल्पांचे वर्णन नाही. काळोख आहे, आणि त्या काळोखातून हळूहळू आकार घेणारे काहीतरी आहे.

३ एप्रिल १९१३ रोजी त्याचे 'कोळ्याची मेजवानी' हे नृत्यनाट्य पॅरिसच्या रंगभूमीवर आले. कीटकशास्त्रज्ञ फाब्र यांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या या बागेतल्या शोकांतिकेचा आरंभ बासरीच्या एकल सुरांनी होतो, आणि रूसेलची ही सुरावट फ्रान्समध्ये सर्वाधिक ओळखीची ठरली. हे नृत्यनाट्य रंगभूमीवर आणणारे झाक रूशे लवकरच पॅरिसच्या ऑपेराचे संचालक झाले. त्यांनी रूसेलकडे मोठ्या नाट्याची मागणी केली. रूसेलला चितोड आठवले. प्राच्यविद्येचे जाणकार लुई लालोआ यांनी संहिता लिहिली, आणि 'पद्मावती' या नृत्यप्रधान ऑपेराला प्रारंभ झाला.

तेवढ्यात महायुद्ध पेटले. पंचेचाळीस वर्षांचा, प्रकृतीने नाजूक असा हा माजी नौदल अधिकारी घरी बसू शकला असता. तो बसला नाही. रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका चालविण्यापासून त्याने आरंभ केला, नंतर तोफखान्यात अधिकारी म्हणून दाखल झाला आणि व्हेर्दँच्या रणभूमीजवळ वावरला. १९१८ च्या आरंभी प्रकृती पार ढासळल्याने त्याला सेवेतून मुक्त करण्यात आले. ब्रिटनीच्या समुद्रकाठी विश्रांती घेत असताना त्याने अर्धवट राहिलेली 'पद्मावती' पूर्ण केली. १ जून १९२३ रोजी ती पॅरिसच्या ऑपेरात रंगमंचावर आली.

'पद्मावती'विषयी भारतीय वाचकाची पंचाईत होते. मलिक मुहम्मद जायसीने १५४० च्या सुमारास लिहिलेल्या काव्यापासून राजपुतान्यातील भाटांच्या कथांपर्यंत ही कथा आपल्याकडे अनेक रूपांनी नांदते, आणि उज्जैनहून रतलाम-नीमचमार्गे चितोड गाठणे ही एका दिवसाची गोष्ट असल्याने माळव्याला ती परकी नाही. लालोआच्या संहितेत पराभूत, जखमी रत्नसेन नगर वाचविण्यासाठी राणीनेच अलाउद्दिनाच्या स्वाधीन व्हावे असे सुचवितो. तेव्हा पतीला या पातकापासून वाचविण्यासाठी पद्मावती त्याला आपल्या हाताने ठार करते आणि त्याच्यामागून चितेवर चढते. आपल्या कोणत्याही परंपरेत न बसणारा हा शेवट आहे. ग्रीक शोकनाट्याच्या तालमीत वाढलेल्या मनाला तो सुचला असावा. आपल्या मनाला तो बोचतो. संगीत मात्र संहितेहून प्रामाणिक आहे. शिवमंदिरातील दुसऱ्या अंकात रूसेलने कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम यांचा जो वापर केला आहे तो केवळ रंग भरण्यासाठी नाही. 'आवाहने' लिहिताना त्याने बाजूला ठेवलेले हिंदुस्थानी स्वर येथे त्याच्या भाषेत मुरलेले दिसतात.

या मुरण्यातून दुसऱ्याच वर्षी 'बासरीवादक' जन्मास आले.

त्या काळी पॅरिसइतके चांगले बासरीवादक जगात दुसरीकडे नव्हते. पॉल ताफानेल या थोर गुरूने तेथील सरकारी महाविद्यालयात बासरीवादनाची एक पिढीच घडविली होती. रूसेलने चार रचना या पिढीतील चौघांना अर्पण केल्या : पॅन मार्सेल मॉईज याला, तितिर गास्ताँ ब्लाँकार याला, कृष्ण लुई फ्लरीला आणि चौथी फिलिप गोबेर याला. फ्लरीची निवड विशेष अर्थपूर्ण होती. दब्युसीची एकट्या बासरीसाठी लिहिलेली 'सिरिंक्स' ही रचना १९१३ मध्ये त्यानेच पडद्याआडून प्रथम वाजविली होती, आणि तिचे हस्तलिखित अनेक वर्षे त्याच्याच संग्रही होते. सिरिंक्स म्हणजे पॅनच्या तावडीतून सुटण्यासाठी बोरू झालेली वनकन्या. त्या बोरूचीच पॅनने बासरी केली. दब्युसी १९१८ मध्ये निवर्तला. रूसेलच्या पहिल्या रचनेतील पॅनला ही स्मृती चिकटलेली आहे.

वाऱ्याने बोरूतून वा वेळूतून सूर निघावा आणि माणसाने तो उचलावा, ही कल्पना उज्जयिनीला नवी नाही. 'कुमारसंभवा'च्या आरंभीच कालिदासाचा हिमालय गुहांच्या मुखांतून निघालेल्या वाऱ्याने कीचकवेळूंची छिद्रे भरतो आणि गाऊ पाहणाऱ्या किन्नरांना जणू सूर देतो. 'मेघदूता'तही हे वेळू वाजतात. ग्रीक कथेत बासरीमागे एक पळून गेलेली स्त्री आहे, कालिदासापाशी नुसता वारा आणि डोंगर. कृष्णकथेत दोन्ही एकत्र येतात, कारण तेथे बासरी ऐकून स्त्रिया पळून जात नाहीत, घरदार टाकून तिच्याकडे धावतात. एकनाथांच्या गवळणींवर पोसलेल्या मराठी मनाला कृष्णाची बासरी म्हणताच जी लगबग, जी खट्याळ धांदल आठवते, ती रूसेलच्या रचनेत मुळीच नाही. त्याचा कृष्ण संथ आहे, एकटा आहे. साध्या तीन-चार मात्रांच्या पाश्चात्त्य चालीऐवजी येथे सातांची चाल आहे. आपल्या कानांना रूपकाची आठवण व्हावी. पियानो खाली एखाद्या दूरच्या तंबोऱ्याप्रमाणे आधार देत राहतो आणि वर बासरीची वळणे लांबत जातात.

या वळणांचे स्वर पाहू गेल्यास ऋषभ व धैवत कोमल, मध्यम तीव्र, गांधार व निषाद शुद्ध, म्हणजेच पूर्वी थाट सापडतो. पाश्चात्त्य अभ्यासक येथे श्री रागाचे नाव घेतात. ते अगदीच चूक नाही, पण त्यात एक गोम आहे. श्री रागात आरोहात गांधार आणि धैवत वर्ज्य असतात, ऋषभ वादी आणि पंचम संवादी असतो, आणि कोमल ऋषभावरून पंचमाकडे जाणारी मींड हाच त्याचा प्राण. रूसेलने स्वर घेतले. त्यांची चालचलणूक घेतली नाही. त्याने थाट वापरला, राग नव्हे. फिर्याद करायची तर ती बासरीचीही करावी लागेल. थेओबाल्ड बोम याने १८४७ मध्ये सिद्ध केलेल्या, चाव्यांनी झाकलेल्या छिद्रांच्या धातूच्या बासरीवर कोणताही स्वर बिनचूक आणि चपळ लागतो, पण बोट हलकेच सरकवून एका स्वरातून दुसऱ्यात विरघळणे तिला जमत नाही. बांबूच्या बासरीला जे सहज येते ते या वाद्याच्या घडणीतच नाही. शिवाय, स्वतः आपल्याकडे तरी १९०९ मध्ये बासरीवर संपूर्ण राग विस्ताराने वाजविणारे मैफलीचे वादन कोठे होते? ती प्रतिष्ठा बासरीला मिळवून दिली ती १९११ मध्ये जन्मलेल्या पन्नालाल घोषांनी, लांब आणि भारदस्त बांबू निवडून, आणि तीही पुढे, १९४० नंतर मुंबईस आल्यावर. रूसेलला भारतात ऐकू आली असेल ती वाटेवरची, गुराख्याची नाही तर देवळाच्या पायरीवरची बासरी.

आणि तरीही त्याने आनंदी कृष्णासाठी श्री रागाच्या जवळचे स्वर का निवडले, हे कोडे उरतेच. श्री हा सूर्यास्ताचा राग. गंभीर, काहीसा उग्रही. नंदकुमाराशी त्याचा संबंध कोणी जोडीत नाही. बहुधा रूसेलला हा संकेत माहीतच नव्हता. परंतु अज्ञानातून कधी कधी एक नवे दर्शन घडते. गोकुळ सोडून मथुरेस आणि तेथून अवंतीस विद्याभ्यासासाठी निघालेल्या, गोकुळाकडे पुन्हा कधीही न परतलेल्या कृष्णाची बासरी कशी वाजली असती, असा प्रश्न आपल्या कवींना क्वचितच पडला. त्यांनी गोपींचा विरह गायिला, कृष्णाचा नाही. रूसेलच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या संथ सातमात्रांत हा विरह आहे असे म्हटले तर ते अतिशयोक्त होईल काय? रचनाकाराच्या मनात तसे नसेलही. ऐकणाऱ्याच्या मनात ते येते.

चौथी रचना आँरी द रेनिये याच्या कादंबरीतील म. द ला पेझोदी या सरदाराची. तीत नखरा आहे, डौल आहे. देव, गुराखी, पुन्हा देव आणि शेवटी एक शृंगारी दरबारी मनुष्य, असा हा उतरता क्रम रूसेलने हेतुतः ठेवला असावा. त्याच्या मिस्कीलपणाचा तो नमुना. लुई फ्लरी मात्र या यशानंतर फार दिवस जगला नाही. १९२६ मध्ये तो वारला, आणि पुढच्याच वर्षी दब्युसीची 'सिरिंक्स' प्रथम छापून निघाली.

१९२२ पासून रूसेल नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, व्हारँझव्हील गावाजवळच्या व्हास्तरिव्हाल येथे घर घेऊन राहू लागला होता. उंच कड्यावरून समुद्र दिसे. पुढची पंधरा वर्षे त्याने विलक्षण उत्साहाने काम केले. बासरी, व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि हार्प यांच्यासाठी एक सेरेनाड, बासरी, व्हिओला आणि चेलो यांच्यासाठी एक त्रयी, एक बायबली स्तोत्र, 'बाखुस आणि आरियान' हे नृत्यनाट्य. बोस्टनच्या वाद्यवृंदाच्या सुवर्णमहोत्सवासाठी लिहिलेली तिसरी सिंफनी ऑक्टोबर १९३० मध्ये तेथे प्रथम वाजली, तेव्हा ती ऐकण्यासाठी तो स्वतः अमेरिकेत गेला होता. तरुणांना तो मोकळ्या मनाने भेटे. चेक रचनाकार बोहुस्लाव्ह मार्टिनू १९२३ मध्ये पॅरिसला आला तो याच्याकडे शिकण्यासाठी. या उत्तरकाळच्या संगीतात भारत नावाने कोठेच नाही.

हृदयविकार बळावल्याने १९३७ च्या उन्हाळ्यात तो अटलांटिक किनाऱ्यावरील रोयाँ या गावी राहावयास गेला. तेथे फुंकवाद्यांसाठी एक त्रयी लिहावयास घेतली होती. तिचा एकच संथ भाग लिहून झाला होता. २३ ऑगस्ट १९३७ रोजी रूसेलचे निधन झाले. व्हारँझव्हीलच्या कड्यावरील चर्चच्या आवारात, समुद्रासमोर, त्याला पुरण्यात आले.

'पद्मावती' अधूनमधून रंगमंचावर येत राहिली. मार्च २००८ मध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहात तिचा प्रयोग झाला, तेव्हा दिग्दर्शनासाठी मुंबईहून संजय लीला भन्साळी यांना पाचारण करण्यात आले. त्यानंतर दहा वर्षांनी त्याच कथेवर त्यांचा हिंदी चित्रपट आला आणि देशभर वाद झाला; त्या वादात रूसेलचे नाव कोणी काढले नाही. 'बासरीवादक' मात्र जगभर बासरी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संचात आजही असते. पॅन, तितिर, कृष्ण, पेझोदी हा क्रम त्यांना पाठ असतो, आणि त्यांपैकी कित्येकांना कृष्ण हे नाव प्रथम भेटते ते या स्वरलिपीच्या माथ्यावर.